परदेशातील घरचे अन्न : मराठी प्रवाशांच्या आहाराचा एक ऐतिहासिक विचार (१८८३ ते २००७)

प्रस्तावना

आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार दिली जाते. या पदार्थाला सणाच्या ताटात स्थान नाही, पाहुण्यासाठीही तो कोणी रांधत नाही. परंतु घरापासून दूर असलेल्या मराठी माणसाला प्रथम आठवतो तो बहुधा असाच एखादा साधा पदार्थ. कुणाला वरणभात आठवतो, कुणाला पिठले-भाकरी, तर कोकणातल्या माणसाला पेज आणि सुकी मासळी. श्रीखंड किंवा जिलबी यांच्यावाचून माणसाचे अडत नाही. वरणावाचून मात्र अडते. परदेशगमनाच्या इतिहासात शिक्षण, राजकारण, व्यापार यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने परदेशी गेलेला माणूस दोन वेळा काय जेवला, ते त्याला कसे मिळाले आणि ते कोणी रांधले, या प्रश्नांकडे कमी लक्ष दिले गेले. पत्रे, चरित्रे व आत्मचरित्रे यांत यासंबंधीचे उल्लेख विखुरलेले आढळतात. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी काहींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. माहिती मुख्यतः सुशिक्षितांनी लिहिलेल्या साधनांतून येते, हे येथे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. ज्यांनी लिहिले नाही ते संख्येने अधिक होते.

शिदोरी आणि तिचा नियम

प्रवासात घरचे अन्न बरोबर नेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. काशीयात्रेला निघणाऱ्यांच्या शिदोरीत दशम्या असत. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी अधिक टिके, हे एक कारण झाले. दुसरे कारण सोवळ्या-ओवळ्याचे होते. पाण्यात शिजवलेले अन्न लवकर विटाळते आणि दूध-तुपातले तितके विटाळत नाही, या समजुतीमुळे दशमी, लाडू, तळलेले पदार्थ हे प्रवासाचे अन्न ठरले. मेतकूट, पापड, सांडगे, लोणचे, तळणीच्या मिरच्या हे पदार्थही याच व्यवस्थेतले. टिकाऊपणा आणि शुचिता या दोन गरजा येथे एकाच डब्यात सामावल्या होत्या. पुढे आगबोटीने विलायतेस जाणाऱ्यांनी जी बोचकी बांधली त्यांतील जिन्नस यात्रेच्या शिदोरीहून फारसे वेगळे नव्हते. बदलली ती वाट आणि तिचे अंतर.

तथापि यात्रेला धर्माची संमती होती, समुद्रप्रवासाला नव्हती. द्विजाचे समुद्रयान कलिवर्ज्य मानले जाई आणि परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. या निषेधाच्या मुळाशी समुद्राच्या पाण्यापेक्षा अन्नाचा प्रश्न अधिक होता, असे म्हणण्यास जागा आहे. बोटीवर महिना-दीड महिना कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या पंक्तीला बसला, हीच खरी विचारणा असे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी यांना त्यांच्या जातीच्या मुंबईतील सभेने बहिष्कृत केले, तेव्हाही विलायतेत खाण्यापिण्याचा धर्म पाळता येणार नाही, हाच मुख्य आक्षेप होता. आणि यासाठी समुद्र ओलांडलाच पाहिजे असेही नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून जे ग्रामण्य उद्भवले त्यात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक दोघेही सापडले. घराच्या उंबरठ्यापासून मैलभर अंतरावरील चहाच्या पेल्याची ही किंमत असेल, तर न्यूयॉर्कमधील जेवणाची काय असेल, याची कल्पना करता येते.

रोझेल आणि फिलाडेल्फिया

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जात आहोत व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले होते. या प्रतिज्ञेचा व्यवहारातील अर्थ दोन गोष्टींपुरता उरत होता, वस्त्र आणि अन्न. पूजाअर्चा, सणवार, नातलगांचा सहवास यांपैकी अमेरिकेत काहीच नव्हते. साडी नेसणे आणि मांस न खाणे एवढे मात्र हातात होते. साडीच्या बाबतीत थंडीने तडजोड करावयास लावली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. अन्नाच्या बाबतीत त्या हटल्या नाहीत.

न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांचे पहिले काही महिने गेले. या बाईंना त्या ‘मावशी’ म्हणत. मावशी हे नाते आईच्या बाजूचे असते. परक्या देशातील परधर्मी स्त्रीला हे नाते देण्यात केवळ सौजन्य नव्हते. मावशीच्या घरी जेवायला संकोच वाटत नाही, तिच्या स्वयंपाकघरात शिरायला परवानगी लागत नाही. आनंदीबाईंनी तेथे आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून घरच्या मंडळींना व त्यांच्या स्नेह्यांना जेवू घातल्याचे त्यांच्या चरित्रावरून दिसते. घरचे अन्न परदेशात मिळविण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा मार्ग हाच होता. ज्याला ते हवे त्याने ते रांधावे आणि इतरांनाही वाढावे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. गोपाळराव जोशी पत्नीने अभ्यास सोडून स्वयंपाकघरात वेळ घालवला म्हणून संतापत, मारहाणही करीत, असे चरित्रकार सांगतात. चुलीपासून तिला दूर करणे हा त्यांच्या सुधारणेचा भाग होता. परंतु ज्या देशात त्यांनी तिला शिक्षणासाठी धाडले तेथे तिचे हिंदुपण टिकविण्याचे काम पुन्हा त्या चुलीकडेच आले. विलायतेस गेलेल्या पुरुष विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी कधी पळी हातात धरलेली नव्हती. त्यांना तेथे गेल्यावर स्वयंपाक शिकावा लागला. आनंदीबाईंना तो येत होता, पण त्यासाठी लागणारा वेळ व जिन्नस दोन्ही नव्हते.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये गेल्यावर अडचणी वाढल्या. त्यांच्या खोलीतील शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. धूर सोसावा किंवा थंडी, असा पेच असे. त्या काळच्या अमेरिकन भोजनात मांस मुख्य. ते वगळल्यास पाव, बटाटे, उकडलेल्या भाज्या आणि दूध एवढेच उरे. तूर, मूग, हिंग, आमसूल, गूळ यांपैकी कोणतीही वस्तू मिळण्यासारखे दुकान नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. या मृत्यूचा दोष थंडी व अपुऱ्या आहाराला देण्याची प्रथा आहे. क्षयाचे कारण जंतूंचा संसर्ग हे असल्याने तेवढ्याने तो झाला असे म्हणता येत नाही. मात्र अर्धपोटी शरीर रोगाशी झुंजण्यास दुबळे ठरते, हे नाकारण्याचेही कारण नाही. ज्या प्रतिज्ञेमुळे त्यांना स्वदेशात सन्मान मिळाला त्या प्रतिज्ञेचा भार त्यांच्या शरीराने वाहिला, एवढे निश्चित.

वाँटेजचा वाद

त्याच वर्षी, म्हणजे १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्मांतरानंतर खाण्याचा प्रश्न सुटावयास हवा होता, निदान मठातील भगिनींची तशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात तसे झाले नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या आणि त्यांचा हा आग्रह म्हणजे जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे, असा आक्षेप भगिनी जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात पुढे आला. रमाबाईंनी दिलेले उत्तर मार्मिक आहे. एखादी इंग्रज स्त्री हिंदू लोकांत राहावयास गेली आणि कोणालाही उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी विचारला. आपण हिंदू आहोत व पूर्वजांच्या चाली शक्यतो पाळतो, असेही त्यांनी लपविले नाही.

आनंदीबाईंचे आणि रमाबाईंचे ताट वरवर पाहता सारखेच होते. पण आनंदीबाईंना ते ताट धर्माची खूण म्हणून जपावयाचे होते. रमाबाईंनी धर्म बदलल्यानंतरही ते जपले. यावरून आहार हा धर्माचा केवळ एक उपविभाग आहे, ही समजूत अपुरी ठरते. बालपणी आईने जे भरवले त्याचा अधिकार शास्त्राच्या अधिकाराहून वेगळा असतो. तो युक्तिवादाने मिळालेला नसतो, म्हणून युक्तिवादाने जातही नाही. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. मराठी स्त्रियांच्या इतिहासातील ही एक महत्त्वाची भेट. त्या दिवसांत दोघींनी एकत्र काय रांधले असेल, हे जाणून घेण्याचे कुतूहल कोणाही वाचकास वाटेल.

लंडनमधील मूग

लंडनची स्थिती अमेरिकेहून वेगळी होती. तेथे भारतीय जेवणाचा पूर्वेतिहास होता, परंतु तो भारतीयांसाठी नव्हता. पाटण्याहून आलेल्या शेख दीन मोहंमद याने १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले ते कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या साहेबांसाठी. भारतात वर्षे काढून मायदेशी आलेल्या या मंडळींना आता करी-भात आणि हुक्का यांची आठवण होत असे. म्हणजे लंडनमध्ये ‘तिकडच्या’ जेवणासाठी व्याकूळ झालेले पहिले गिऱ्हाईक इंग्रज होते. हा व्यवसाय फार काळ चालला नाही. १८१२ मध्ये दीन मोहंमदचे दिवाळे निघाले. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात करीच्या मसाल्याची कृती आढळते. तयार करी पावडर लंडनच्या दुकानांत सहज मिळे. पण ती घालून वरणाची चव येत नाही, हे कोणत्याही मराठी गृहिणीस सांगावे लागणार नाही.

१८८८ च्या सप्टेंबरअखेर गांधी लंडनला पोहोचले. मांस, मद्य व परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ आईसमोर घेतलेली. त्यांच्या आत्मचरित्रातील या काळाची प्रकरणे म्हणजे भुकेचा एक प्रामाणिक वृत्तान्त आहे. घरमालकीण बाई पावाचे मोजके तुकडे वाढी आणि आणखी मागण्याचा संकोच वाटे. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कुठे त्यांना पोटभर जेवण मिळाले. त्याच ठिकाणी त्यांनी सॉल्ट यांचे शाकाहाराचे समर्थन करणारे पुस्तक विकत घेतले. आईला दिलेला शब्द तेथून पुढे स्वतःचे मत झाला.

या प्रकरणांत नारायण हेमचंद्र या गुजराती लेखकाची हकिकत येते. हे गृहस्थ अत्यंत साधे, इंग्रजी फारसे न येणारे, पण अनेक भाषा शिकण्याच्या ध्यासाने लंडनला आलेले. गांधी इंग्रजी धर्तीचे गाजराचे सूप करीत. हेमचंद्रांची जीभ मात्र डाळीची. एके दिवशी त्यांनी कोठून तरी मूग शोधून काढले, शिजवले आणि गांधींच्या खोलीवर घेऊन आले. गांधींनी ते आनंदाने खाल्ले आणि तेव्हापासून दोघांत आपापल्या पदार्थांची देवाणघेवाण सुरू झाली. एवढ्या मोठ्या शहरात मूठभर मूग सापडणे ही आत्मचरित्रात नोंदवण्याजोगी घटना ठरते, यावरून त्या काळच्या उणिवेचे मोजमाप होते. उपाहारगृहातील शाकाहारी जेवणाने भूक भागत होती, शपथ पाळली जात होती. तरीही काही उणे होते आणि ते मुगाने भरून आले. विशेष म्हणजे याच काळात गांधींनी घरून मागविलेली मिठाई व मसाले सोडून दिले आणि चवीचे खरे स्थान जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष त्यांनी संयमाच्या बाजूने काढला. परदेशात वरणाची आठवण काढणारा माणूसही चवीचे स्थान मनातच आहे असे म्हणेल, फक्त उलट्या बाजूने.

१ जुलै १९०५ रोजी श्यामजी कृष्ण वर्मा यांनी हायगेट येथे ‘इंडिया हाऊस’ हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर तेथे दाखल झाले. या वास्तूचा इतिहास क्रांतिकारकांचे केंद्र म्हणून लिहिला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु एकाकी विद्यार्थी तेथे का ओढला जाई, याचे एक उत्तर तेथील स्वयंपाकघरातही शोधावे लागेल. घरमालकिणीच्या उकडलेल्या बटाट्यांना कंटाळलेल्या तरुणास आपल्या भाषेतील बोलणे आणि आपल्या चवीचे जेवण एकाच छपराखाली मिळत असे. इंडिया हाऊसची मंडळी पांगल्यानंतर २४ ऑक्टोबर १९०९ रोजी बेजवॉटर भागातील एका भारतीय उपाहारगृहात विजयादशमीचा समारंभ झाला. अध्यक्ष गांधी होते आणि सावरकर प्रमुख वक्ते. जेवण शाकाहारी असावे अशी अट गांधींनी घातली होती आणि ते स्वतः आधी येऊन स्वयंपाकाच्या कामास लागले होते, असे आठवणींतून सांगितले जाते. दोन परस्परविरोधी राजकीय विचारांचे प्रतिनिधी त्या संध्याकाळी एकाच पंक्तीस जेवले. जातीच्या पंचांनी जिला विटाळ मानले असते अशा त्या पंक्तीत सर्व प्रांतांचे व धर्मांचे तरुण होते.

ज्यांनी लिहिले नाही

आतापर्यंतची उदाहरणे सुशिक्षितांची आहेत. कोकणच्या बंदरांतून निघालेल्या खलाशांना परदेशी जाण्यासाठी प्रायश्चित्ताची चिंता नव्हती. त्यांना पोटासाठी जावे लागे. रत्नागिरीकडील मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने आगबोटींवर काम करीत. त्यांच्या टोळीबरोबर त्यांचा स्वतंत्र स्वयंपाकी असे, त्यास ‘भंडारी’ म्हणत. तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी यांचा शिधा कंपनीने देण्याचे ठरलेले असे. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते, म्हणजे आपल्या हातचा भात-डाळ, या अशिक्षित खलाशाला अटलांटिकवरही मिळत होते. हे भाग्य नव्हते. या शिध्याचा खर्च गोऱ्या खलाशाच्या शिध्याहून कमी येई, हे त्याचे कारण होते. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या करारातही तांदूळ, डाळ व मीठ यांचा उल्लेख असे. मजुराच्या ताटातील घरचे अन्न हे मालकाच्या हिशेबाचा भाग होते.

१९४८ नंतर कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाची कहाणी आणखी निराळी आहे. धर्माच्या दृष्टीने हे लोक आपल्या घरी जात होते. भाषा आणि जेवण मात्र मागे राहिलेल्या घराचे होते. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अशदोद येथे वसलेल्या या कुटुंबांनी मलिद्याची प्रथा सोडली नाही. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ व फळे यांचा हा नैवेद्य एलियाहू हन्नबीच्या नावे केला जातो आणि इतरत्रच्या ज्यूंना तो ठाऊकही नाही. आरंभीच्या टंचाईच्या काळात, भेदभावाच्या तक्रारींतून, काहींनी सत्याग्रह करून भारतात परतण्याची मागणी केली व १९५२ मध्ये काही कुटुंबे परतलीही. त्यांच्या धार्मिक दर्जाचा वाद १९६४ पर्यंत चालला. जो समाज पूर्ण ज्यू आहे की नाही असा संशय घेतला जात होता, त्याच्या ज्यूपणाच्या सोहळ्यातील मुख्य पदार्थ कोकणातील पोहे असावा, ही बाब धर्मशास्त्रज्ञांपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकास अधिक बोलकी वाटेल.

दुकान आणि पुस्तक

१९३२ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धातील व नंतरच्या शिधावाटपात (१९४० ते १९५४) शाकाहारी म्हणून नोंद केलेल्यास मांसाऐवजी चीज अधिक मिळे. मराठी माणसास त्याचा कितपत उपयोग होत असेल हा प्रश्नच आहे. खरा बदल दुकानांनी घडविला आणि ती दुकाने मराठी माणसांची नव्हती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केनियातून आलेल्या पाठक कुटुंबाने लंडनमध्ये मिठाई व समोसे विकण्यास आरंभ केला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर सुमारे २७ ते २८ हजार आशियाई ब्रिटनमध्ये आले. त्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ होते. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानंतर डॉक्टर, अभियंते गेले. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स हे दुकान सुरू झाले. तूरडाळ, हिंग, गूळ, पोहे हे सारे मराठी घरात गुजराती दुकानदाराच्या हातून पोहोचले. त्यामुळे एक गंमत अशी झाली की, जे गुजराती व मराठी स्वयंपाकात समान होते ते परदेशात सुलभ झाले आणि जे केवळ मराठी होते ते दुर्मीळच राहिले. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसूल यांसाठी भारतातून येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागे.

जिन्नस मिळाला तरी कृती हवी. मराठीत पाकशास्त्रावरील मुद्रित ग्रंथ ‘सूपशास्त्र’ १८७५ इतका जुना आहे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. ही पुस्तके घरात वडीलधाऱ्या बायका असताना लिहिली गेली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे वैशिष्ट्य वाटी-चमच्याच्या मापात होते. ‘अंदाजाने’ हा शब्द सासूच्या शेजारी उभे राहून शिकणाऱ्या सुनेला पुरतो, मिशिगनमधील एकट्या गृहिणीला पुरत नाही. परदेशी निघालेल्या नववधूच्या सामानात हे पुस्तक ठेवण्याची रीतच पडली.

विमानातून बाटली-डबे नेता येतात, फळ नेता येत नाही. हापूस आंब्याला अमेरिकेत सुमारे दोन दशके बंदी होती, फळावरील किडीच्या भयाने. ती २००७ मध्ये उठली, ती आंब्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावच्या ‘कृषक’ या केंद्रात ही प्रक्रिया झाली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या रवाना झाल्या. अमेरिकेतील मराठी घरांतून तोवर आमरस डब्यातील असे. त्या पेटीची किंमत कोकणातल्या भावाच्या कितीतरी पट होती, तरीही ती घेतली गेली.